सहा कोपऱ्यांचा नट गोल कसा झाला : जुना गेम नव्याने घडवताना नेमके काय बिघडते

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या २००४ सालच्या गेममध्ये डोनट विकणारे एक लहानसे दुकान आहे. त्याचे नाव ‘टफ नट डोनट्स’, आणि दुकानाची खूण म्हणून लावलेला आहे तो नट-बोल्टमधला, सहा कोपऱ्यांचा, मधोमध भोक असलेला भलामोठा नट. ‘डोनट’मधला ‘नट’ आणि पान्याने आवळायचा नट यांवर केलेली ही साधीशी कोटी. भरधाव गाडी हाकणाऱ्या खेळाडूच्या ती लक्षात आली तर आली, नाही तर नाही. २०२१ मध्ये हा गेम नव्या रूपात बाजारात आला, तेव्हा त्या नटाचे कोपरे नाहीसे झाले होते आणि त्याच्या जागी एक गुळगुळीत गोल कडे उरले होते. जुन्या गेममधल्या वस्तू कोनाकोनाच्या दिसतात, कारण जुन्या यंत्रांना गोलाई परवडत नसे. तेव्हा दिसेल तो कोपरा घासून काढायचा, असा सरसकट हात तिथे फिरलेला दिसतो. पण चाकाला कोपरे होते ते नाइलाजाने, आणि नटाला कोपरे होते ते तो नट होता म्हणून. हा फरक ओळखायला कोणीतरी थांबून त्या दुकानाची पाटी वाचायला हवी होती.

रॉकस्टार गेम्स या कंपनीने ‘जीटीए ३’ (२००१; जीटीए म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चेच लघुरूप), ‘व्हाइस सिटी’ (२००२) आणि ‘सॅन अँड्रियास’ (२००४) हे आपले तीन गाजलेले गेम एकत्र करून, ‘द ट्रिलॉजी – द डेफिनिटिव्ह एडिशन’ या नावाने ११ नोव्हेंबर २०२१ रोजी विक्रीला आणले. निमित्त ‘जीटीए ३’च्या वीस वर्षांचे होते आणि किंमत साठ डॉलर, म्हणजे कोऱ्या करकरीत मोठ्या गेमला पडते तेवढी. पीसीवरची आवृत्ती तर आल्या आल्या काही दिवस विक्रीतून काढावी लागली, कारण बाहेर जायला नको होत्या अशा काही फाइली तिच्यात चुकून तशाच राहून गेल्या होत्या. गेमच्या परीक्षणांचे आणि गुणांचे संकलन करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर खेळाडूंनी दिलेले गुण दहापैकी एकाच्याही खाली घसरले. १९ नोव्हेंबरला कंपनीने जाहीर माफी मागितली आणि हे गेम आपल्या स्वतःच्याच दर्जाला उतरलेले नाहीत अशी कबुली दिली. चाहते हळवे असतात, त्यांना जुने तेच सोने वाटते, हे खरे असले तरी एवढ्या मोठ्या नाराजीचा उलगडा तेवढ्याने होत नाही. तो करायचा तर जुना गेम आतून कसा चालत असे, हे थोडे पाहावे लागते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. जुना गेम पुन्हा आणण्याच्या तीन पद्धती आहेत आणि जाहिरातींमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. ‘पोर्ट’ म्हणजे जुन्या वाड्यातले सामान उचलून, हवे तर थोडे पुसून, दुसऱ्या घरात मांडणे. गेम तोच, चालवणारे यंत्र वेगळे. ‘रीमास्टर’ म्हणजे वाडा तोच ठेवून गिलावा, रंग आणि वायरिंग नवे करणे. ‘रीमेक’ म्हणजे वाडा पाडून, त्याच्या आठवणीवर नवे घर उभारणे. २०१९ चा ‘रेसिडेंट इव्हिल २’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या तिन्हींच्या मध्येच कुठेतरी अडकलेली होती. गाडी कशी वळेल, पोलीस कधी मागे लागतील, मिशन कुठे संपेल, हे ठरवणारे नियम जुनेच होते. पडद्यावर चित्र काढण्याचे काम मात्र ‘अनरियल इंजिन ४’ या आधुनिक प्रणालीकडे दिलेले होते. हे काम केले ते फ्लोरिडातल्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या तुलनेने लहान स्टुडिओने. पूर्वी वॉर ड्रम स्टुडिओज या नावाने त्यांनी याच गेमच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या, आणि नव्या आवृत्तीचा पाया त्या मोबाइल आवृत्त्यांचाच आहे, हे चिकित्सक खेळाडूंनी बारीकसारीक खुणांवरून दाखवून दिले. थोडक्यात, वाड्याचे सामान आधी खोलीत हलवलेले होते, आणि आता त्या खोलीवरून वाडा उभा करायचा होता; तोही एकाच वेळी पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच अशा सगळ्या यंत्रांवर.

आता मूळ वाड्याकडे वळू. हे तिन्ही गेम मुळात प्लेस्टेशन २ साठी लिहिलेले होते. त्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट आणि चित्रांसाठीची वेगळी मेमरी अवघी ४ मेगाबाइट होती. आजच्या मोबाइलवर काढलेल्या दहा-बारा फोटोंनीच ती सगळी भरून जाईल. एवढ्या जागेत चालते-बोलते शहर बसवायचे, तर प्रत्येक गोष्टीत काटकसर आली. गेममधली कोणतीही वस्तू त्रिकोणी तुकडे जोडून तयार होते. त्यांना पॉलिगॉन म्हणतात आणि ते जितके जास्त तितकी वस्तू गोलसर दिसते. त्या तुकड्यांवर वॉलपेपरसारखे चित्र चिकटवलेले असते, ते टेक्स्चर. पॉलिगॉन थोडेच परवडत असल्यामुळे जुने कलाकार नाकाचा उंचवटा, गालाखालची सावली, शर्टाच्या चुण्या हे सगळे त्या टेक्स्चरमध्येच रंगवून टाकत. शिवाय हे चित्र दिसायचे ते काचेच्या फुगीर टीव्हीवर, जिथे शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत किंचित मिसळत आणि खडबडीतपणा आपोआप मऊ होई.

इथे नट हा शब्द रंगभूमीवरच्या अर्थाने घ्यावा. नटाचा रंगवलेला चेहरा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी आणि रंगमंचावरच्या दिव्यांसाठी रंगवलेला असतो. प्रयोग संपल्यावर तोच नट रंग न पुसता चहाच्या टपरीवर उभा राहिला, तर भिवया कोळशाच्या आणि गाल विटकरीच्या दिसतात. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मधल्या पात्रांचे असेच झाले. चेहऱ्याची ठेवण जुन्या काटकसरीतली, वर चकचकीत कातडी आणि त्यावर आधुनिक इंजिनचा खराखुरा प्रकाश. त्यामुळे माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसू लागली, आणि मूळ गेममध्ये करडे, धोकादायक वाटणारे लोक इथे विनोदी भासू लागले. पूर्वी चेहरा अस्पष्ट असल्यामुळे उरलेले काम पाहणाऱ्याची कल्पना करत असे. नव्या चेहऱ्याने ते काम तिच्याकडून काढून घेतले आणि स्वतःही नीट केले नाही.

टेक्स्चर मोठी करण्याचे काम मुख्यतः संगणकाच्या एका प्रणालीवर सोपवलेले होते. लहान चित्र मोठे करताना मधल्या रिकाम्या ठिपक्यांत काय असावे, याचा अंदाज ही प्रणाली आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून बांधते. भिंत, गवत, डांबर यांच्या बाबतीत हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. अक्षरांच्या बाबतीत फसतो, कारण प्रणालीला आकार दिसतो, शब्द कळत नाही. देवनागरी न येणाऱ्या रंगाऱ्याला उन्हापावसाने उडालेली दुकानाची पाटी पुन्हा रंगवायला सांगितली तर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला वेळ लागणार नाही, आणि तो रंगारी प्रत्येक अक्षर मात्र अगदी ठाशीव, झळझळीत काढेल. नव्या गेममधल्या कित्येक पाट्यांवर नेमकी अशीच ठळक, सुबक आणि चुकीच्या स्पेलिंगची इंग्रजी अक्षरे उमटली. पूर्वी त्या पाट्या पुसट होत्या, पण बरोबर होत्या.

सगळ्यांत मोलाची गोष्ट धुक्याची आहे आणि ती जरा सावकाश समजून घ्यावी लागेल. ‘सॅन अँड्रियास’मध्ये तीन शहरे आहेत : लॉस एंजेलिसवर बेतलेले लॉस सँटोस, सॅन फ्रान्सिस्कोवर बेतलेले सॅन फिएरो आणि लास व्हेगासवर बेतलेले लास व्हेंचुरास. त्यांच्यामध्ये खेडी, जंगल, वाळवंट, धरण आणि माउंट चिलियाड नावाचा डोंगर. हा सगळा प्रदेश, भोवतालच्या समुद्रासकट, साधारण सहा किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात बसवलेला आहे. म्हणजे पश्चिम रेल्वेवर दादरला चढून खार रोडला उतरावे, एवढ्या पल्ल्यात तीन महानगरे आणि एक वाळवंट! तरीही त्या काळी हा गेम खेळलेल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की प्रदेश अफाट होता. लॉस सँटोसहून निघून सॅन फिएरोला पोहोचणे म्हणजे परगावी जाणे होते.

ही किमया धुक्याची. प्लेस्टेशन २ ला दूरचे काही काढणे झेपत नसे. आपण पुढे जाऊ तसतसा पुढचा मुलूख डीव्हीडीवरून वाचून मेमरीत आणला जाई आणि मागचा काढून टाकला जाई. जिथे यंत्राची ताकद संपे तिथे जगही संपे, आणि ते टोक उघडे पडू नये म्हणून त्यावर धूसर पडदा सोडलेला असे. पण कलाकारांनी या पडद्याचे सोने केले. लॉस सँटोसवर लॉस एंजेलिसच्या धुरकटाची नारिंगी झाक आली, डोंगराळ भागावर राखाडी ओल आली, आणि वाळवंटावर उन्हाचा धुरळा. रस्ते सरळ न नेता डोंगरांना वळसे घालत नेलेले असल्यामुळे पलीकडचे शहर एकदम नजरेत येत नसे. जे दिसत नाही ते लांब आहे, असे मन आपोआप धरून चालते.

नव्या यंत्रांना हा सबंध प्रदेश एका दमात काढता येतो. म्हणून धुके हटवले गेले, आणि चिलियाडच्या माथ्यावर उभे राहिले की एका बाजूला एक शहर, दुसऱ्या बाजूला दुसरे, मध्ये वाळवंटाचा तुकडा, असे सगळे स्वच्छ दिसू लागले. दिवाळीत अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. गुडघे टेकून, डोळा मावळ्याच्या उंचीवर नेऊन पाहिले तर तो राजगड असतो, आणि उभे राहून पाहिले तर विटांवर थापलेली माती आणि हळीवाची हिरवळ. नव्या आवृत्तीने खेळाडूला उभे केले. चित्राची प्रत सुधारली होती, यात शंका नाही. पण अफाट वाटणारे जग हातरुमालाएवढे दिसू लागले आणि बहुतेकांना आपले नेमके काय हरवले तेही लगेच सांगता येईना. ‘आधी बरे वाटायचे’ एवढेच ते म्हणत राहिले, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला गतकातरता म्हटले.

धुक्याचा असा घोटाळा पहिल्यांदाच झाला असेही नाही. ‘सायलेंट हिल’ या १९९९ पासूनच्या भयमालिकेचे धुके तर तिची ओळखच आहे. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची ‘एचडी’ आवृत्ती २०१२ मध्ये आली, तेव्हा काम करणाऱ्यांच्या हाती मूळ गेमचा अंतिम कोडसुद्धा नव्हता. जपून ठेवलेला होता तो अर्धवट अवस्थेतला. ज्या चुका मूळ निर्मात्यांनी शेवटच्या टप्प्यात दुरुस्त केल्या होत्या त्या पुन्हा निस्तराव्या लागल्या, आणि धुके विरून तलावाच्या पाण्याचा कापलेला काठ उघडा पडला. चित्रपटाच्या निगेटिव्ह जपाव्यात हे लोकांना उशिरा कळले. गेमचा कोड जपावा हे त्याहून उशिरा.

पावसाचे प्रकरण लहान आहे पण बोलके आहे. जुन्या गेममध्ये पाऊस म्हणजे पडद्यावर पुसटशा तिरप्या रेषा. नव्यात त्या जाड, पांढऱ्या आणि इतक्या दाट झाल्या की पावसात गाडी चालवताना समोरचा रस्ता दिसेना; आणि त्याच रेषा नदी किंवा समुद्राच्या पाण्यासमोर आल्या की गायब होत. अर्धपारदर्शक वस्तू पडद्यावर काढताना आधी मागची, मग पुढची असा क्रम सांभाळावा लागतो आणि काचेसारखे पाणी व पाऊस एकत्र आले की हा क्रम हमखास चुकतो. खेळाडूंनी काही दिवसांत स्वतःच पाऊस सुधारणाऱ्या फाइली करून वाटल्या.

काही गोष्टी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. जुन्या गेमचे अनेक हिशेब दर सेकंदाला किती चित्रे उमटतात यावर बांधलेले असत. मूळ ‘सॅन अँड्रियास’च्या पीसी आवृत्तीत चित्रांच्या वेगावरची मर्यादा काढून टाकली की नायक सीजे पाण्यात रखडत पोहू लागतो. चित्र सुरळीत व्हावे म्हणून वेग वाढवावा आणि पोहणे बिघडावे, हा संबंध बाहेरून कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. जुन्या कोडला हात लावणाऱ्याला अशा शेकडो अदृश्य गाठी सोडवाव्या लागतात, म्हणून ग्रोव्ह स्ट्रीटच्या कामगारांवर तुटून पडणे मला कधीच पटले नाही. मिशन फसले की लगेच पुन्हा सुरू करण्याची सोय आणि नकाशावर रस्ता दाखवणारी रेघ, या त्यांच्या सुधारणा चांगल्या होत्या. वेळ, माणसे आणि तपासणी किती द्यायची, हे त्यांनी ठरवलेले नव्हते.

महाराष्ट्रात या नाराजीला एक वेगळी किनार आहे. इथल्या ज्या पिढीने ‘व्हाइस सिटी’ खेळली, तिच्यातल्या फार थोड्यांनी ती विकत घेतली होती. आमच्या तालुक्याच्या गावी २००५ च्या सुमारास सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडत. खुर्चीवर एक जण बसे आणि मागे चार जण ‘पँझर टाक, पँझर टाक’ म्हणत उभे असत, कारण तो चीट कोड टाइप केला की रस्त्यावर रणगाडा उतरे. रिमोटच्या हेलिकॉप्टरने इमारत उडवायच्या मिशनवर अर्ध्या गावाची गाडी अडलेली होती. आणि संगणकावर असायची ती ‘रिप’ आवृत्ती, म्हणजे आकार लहान करण्यासाठी गाणी कापलेली. ऐंशीच्या दशकातल्या मायामीचा ज्या गेमचा रेडिओ जगभर वाखाणला गेला, तो आमच्याकडे मुक्याने चालला. त्यामुळे नव्या आवृत्तीत काही गाणी नाहीत म्हणून परदेशी चाहते हळहळले, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना ती होती हेच तेव्हा कळले. गाणी जाण्याचे कारण मात्र तांत्रिक नाही. गेममध्ये गाणे वापरण्याचा परवाना बहुधा ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला की पुन्हा पैसे मोजा किंवा गाणे काढा. ‘व्हाइस सिटी’तली मायकेल जॅक्सनची गाणी अशीच बऱ्याच आधी वगळली गेली होती, आणि ‘सॅन अँड्रियास’मधली काही गाणी २०१४ मध्ये.

इथवर सांगितलेले सगळे दोष लोकांनी कदाचित हसण्यावारी नेले असते. खरा संताप झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा : नवे बाजारात येण्याआधी कंपनीने जुने तिन्ही गेम दुकानांतून काढून घेतले. जुन्या चित्रपटाची रंगीत प्रत वाईट निघाली तर माणूस कृष्णधवल प्रत लावतो. इथे ती प्रतच उचलून ठेवलेली होती. त्यात भर म्हणजे चाहत्यांनी ‘जीटीए ३’ आणि ‘व्हाइस सिटी’चा कोड मेहनतीने उलगडून आधुनिक यंत्रांवर चालेल असा केला होता, तो मालक कंपनी टेक-टूने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉपीराइटच्या हरकतीने काढायला लावला आणि सप्टेंबरमध्ये त्या मंडळींवर अमेरिकेत खटलाही भरला. कायद्याने मालकाचा हक्क निर्विवाद आहे. पण आपले जुने काम नीट सांभाळण्याची जबाबदारी त्या हक्काबरोबर येते, असे चाहते धरून चालले होते, आणि नोव्हेंबरात जे हाती पडले त्यावरून ती कोणी घेतलेली दिसत नव्हती. माफीपत्रात जुने गेम पीसीसाठी परत उपलब्ध करण्याचे कबूल करावे लागले, यातच सगळे आले.

ब्लिझार्ड या कंपनीच्या दोन गेमची तुलना इथे फार उपयोगी पडते. ऑगस्ट २०१७ मध्ये तिने ‘स्टारक्राफ्ट’ची नवी आवृत्ती आणली. १९९८ चा मूळ गेम त्याआधीच फुकट करून टाकला होता. नव्यात खेळताना एफ-५ ची कळ दाबली की त्याच क्षणी जुनी चित्रे, पुन्हा दाबली की नवी; आणि एका वेळी बाराच सैनिक निवडता येण्याची जुनी अडचणसुद्धा जशीच्या तशी ठेवलेली, कारण वीस वर्षांत सगळी खेळकौशल्ये त्या अडचणीभोवतीच घडलेली होती. त्यानंतर अडीच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, त्याच कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड’ आला. २०१८ मध्ये दाखवलेली नवी प्रसंगचित्रणे त्यात नव्हती, खेळाडूंची क्रमवारी आणि गट या जुन्या सोयी गायब होत्या, आणि सगळ्यांत कहर म्हणजे ज्यांनी नवा गेम घेतलाच नव्हता त्यांचाही जुना गेम ऑनलाइन खेळायचा तर नव्याच प्रणालीतून चालवावा लागू लागला. लोकांनी पैसे परत मागितले आणि कंपनीने ते दिले. पहिल्या वेळी जुने हाताशी ठेवून नवे शेजारी मांडले होते. दुसऱ्या वेळी नवे जुन्याच्या छातीवर बसवले.

‘डेफिनिटिव्ह एडिशन’ची दुरुस्ती पुढे तीन वर्षे चालली. डिसेंबर २०२३ मध्ये हे गेम नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर आले, तेव्हा त्या आवृत्त्या मोठ्या यंत्रांवरच्या आवृत्त्यांपेक्षा सरस निघाल्या. हे काम सिडनीतल्या व्हिडिओ गेम्स डिलक्स या स्टुडिओने केलेले होते. त्याच सुधारणा नोव्हेंबर २०२४ मध्ये पीसी आणि इतर यंत्रांवर आल्या, आणि सुरुवातीच्या पडद्यावरून ग्रोव्ह स्ट्रीटचे नाव गुपचूप उतरले. सेटिंगमध्ये आता ‘क्लासिक लायटिंग’ नावाचा एक पर्याय आहे. तो चालू करून चिलियाडच्या माथ्यावर गेले की आकाशाला जुना रंग चढलेला असतो, खालचे वाळवंट धुरकट होत जाते आणि त्यापलीकडचे लास व्हेंचुरास पुन्हा लांब गेलेले असते.